नामाची दुपार

अल्पेश चौलला आला तेव्हा पद्माबाई अंगणात सुपाऱ्या वाळत घालत होत्या. गाडीतून उतरलेल्या, पोट सुटलेल्या त्या चाळिशीच्या माणसाला त्यांनी ओळखलं नाही. तो वाकून पाया पडला.

"बाई, मी अल्पेश. मिठागराच्या शाळेतला. चौथीपर्यंत तुमच्याकडेच होतो."

मग त्यांना ते पुढे आलेले दात आठवले आणि हसूच आलं.

पद्माबाईंची पहिली नोकरी पेणच्या खाडीकाठी, मिठागरांच्या मधोमध असलेल्या शाळेत. सकाळी मिठागरात आईबापांना हातभार लावून आलेली पोरं दुपारी वर्गात पेंगायची. त्यांना जागं ठेवायला बाईंनी केसर नावाच्या मुलीची गोष्ट रचली. ती मीठ वाहणाऱ्या शिडाच्या मचव्यात लपून बसते आणि मचवा खाडीबाहेर पडतो. केसर अडचणीत सापडली की बाई थांबायच्या. "आता तिनं काय करावं?" पोरं भांडभांडून उत्तरं द्यायची. त्या भांडणात भरती-ओहोटी यायची, वजनमापं यायची, नकाशा यायचा, आणि आपल्याला कुणी शिकवतंय हे कुणाच्या ध्यानातही यायचं नाही. चौलला घराजवळ बदली झाल्यावर बाईंना चांगल्या शाळा मिळाल्या, पण तशी भांडणारी पोरं पुन्हा मिळाली नाहीत.

अल्पेशचे आता बंदरातून कंटेनर वाहणारे ट्रक होते. चहा पिता पिता त्यानं कामाचं काढलं.

"ड्रायव्हरांसाठी मोबाईलवर सुरक्षेचा कोर्स घेतलाय, बाई. त्याशिवाय कारखानेवाले कामच देत नाहीत. पण ही मंडळी नुसतं 'पुढे, पुढे' दाबत सुटतात. सगळ्यांना पैकीच्या पैकी मार्क. आणि परवा एकानं डुलकी लागून गाडी दुभाजकावर चढवली. नशीब, कुणाला लागलं नाही. तुम्ही केसरसारखी एखादी गोष्ट करून द्या."

"मला ट्रकमधलं काय कळतं रे?"

"मचव्यातलं तरी कुठे कळत होतं? आम्हीच सांगायचो की!"

बाई हसल्या आणि तयार झाल्या. पुढच्याच आठवड्यात अल्पेशच्या ऑफिसातली कल्पिता त्यांना न्यायला आली. कोर्सचं काम तिच्याकडे होतं. पेणजवळच्या ट्रकच्या आवारात तिनं बाईंना हिरामण नावाच्या ड्रायव्हरच्या केबिनमध्ये बसवलं. हिरामणही त्याच शाळेतला, अल्पेशच्या दोन वर्षं पुढे. इतक्या उंचावर चढताना बाईंची तारांबळ उडाली, तेव्हा त्यानं खालून त्यांच्या चपला धरल्या आणि स्वतःच लाजला. मग तो बोलत गेला. कुठं जेवतो, कुठं अंघोळ करतो, कोणत्या वळणावर छातीत धडधडतं, बायको कोणत्या वेळेला फोन करते. बाई ऐकत राहिल्या.

त्यातून नामा जन्माला आला. नामा ड्रायव्हर, त्याला दोन मुली, आणि गाडीत गाणं म्हणायची वाईट सवय. कल्पितानं बाईंच्याच आवाजात पहिला भाग मोबाईलवर घेतला आणि लगेच ऐकवला. आयुष्यभर वर्गात सांगितलेल्या गोष्टी भिंतींनी ऐकल्या आणि विरून गेल्या. आपला गोष्ट सांगतानाचा आवाज त्या आज प्रथमच ऐकत होत्या. तो त्यांना वाटायचा त्यापेक्षा म्हातारा होता, पण ओळखीचा होता.

पहिल्या भागाच्या शेवटी नामाच्या गाडीचं मागचं चाक तापलेलं असतं. त्यानं काय करावं? उत्तरासाठी बटणं ठेवायची नाहीत, बोलून उत्तर पाठवायचं, असं बाईंनी सांगितलं होतं. कल्पिताला धाकधूक होती, कुणी पाठवेल का? भाग ड्रायव्हरांच्या मोबाईलवर गेला आणि संध्याकाळपर्यंत तिच्या फोनवर आवाजांचा पाऊस पडला. कुणी चाकाला हात लावायची पद्धत समजावत होता, कुणी नामाला शिव्या घालत होता. एकाच्या मागून त्याची बायको ओरडत होती, "अरं, त्याला गाडी थांबवाया सांग ना!" ते ऐकताना बाईंना तो जुना वर्ग आठवला, ती तावातावानं वर झालेली मिठाळलेली बोटं आठवली, आणि डोळे भरून आले.

मग दुपारचा भाग आला. नामा वडखळला जेवतो. कोलाडच्या पुढे ऊन चढतं, पापण्या जड होतात. माल चारच्या आत माणगावपलीकडच्या कारखान्यात पोचवायचाय. नामानं काय करावं?

जुन्या कोर्समध्ये हाच प्रश्न होता. 'गाडी बाजूला घेऊन विश्रांती घेईन' हे बरोबर उत्तर झाडून सगळ्यांनी दाबलं होतं. आता मात्र एकजण म्हणाला, तोंडावर पाणी मारावं. दुसरा म्हणाला, तंबाखू मळावी आणि निघावं. हिरामणचा आवाज सगळ्यांत शेवटी आला.

"नामा थांबायचा न्हाय, बाई. थांबला तं ऑफिसातून फोन येल. शेठ काय बोलल ते नामाला ठावं हाय. नामा जाईल तसाच."

बाईंनी अल्पेशला बोलावून सगळे आवाज ऐकवले. त्याचा चेहरा उतरला.

"मी इतका ओरडतो?" त्यानं कल्पिताकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघू लागली. "बाई, उशीर झाला की कारखानेवाले मला सोलतात. ते यांना दिसत नाही."

"तेही गोष्टीत घालू," बाई म्हणाल्या. "पण आता नामा ऑफिसला फोन करतो. 'शेठ, डोळे मिटतायत,' म्हणतो. पुढचं वाक्य मी लिहिणार नाही. शेठनं काय करावं?"

अल्पेशनं हातातला पेपरवेट टेबलावर ठेवला. मग म्हणाला, "घ्या माझा आवाज."

पहिल्या खेपेला तो नोटीस वाचावी तसा बोलला. "पुन्हा," बाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा घाई झाली. "पुन्हा. समोर हिरामण आहे असं समज." चौथ्या खेपेला तो हळू आवाजात म्हणाला, "नामा, गाडी बाजूला घे आणि झोप. कारखान्याशी मी बोलतो. उठलास की फोन कर."

तो भाग गेला त्या दिवशी एकही उत्तर आलं नाही. कल्पिता हिरमुसली. बाई म्हणाल्या, "खरं वाटत नसेल अजून."

महिनाभरानं एका दुपारी अल्पेशचा चौलला फोन आला.

"बाई, आत्ता हिरामण बोलला. कोलाडच्या पुढे आहे. म्हणतो, 'शेठ, माझा नामा झालाय.' अहो, झोप आली की आता सगळे असंच म्हणतात म्हणे, मलाच माहीत नव्हतं!"

"मग? तू काय म्हणालास?"

"झोप म्हणालो. पण जड गेलं हो. कारखान्याचा साहेब दुसऱ्या फोनवर तापला होता."

"जड जायचंच. त्याला काय सांगितलंस?"

"खरं तेच. चिडला. पण माल उतरवून घेईल, दुसरं करतो काय?"

फोन ठेवून बाई दाराशी आल्या. बाहेर वाडीत पाटाचं पाणी वाहत होतं. हिरामण कुठल्या तरी झाडाच्या सावलीत, काचा खाली करून झोपला असेल. त्यांनी आपल्याही नकळत आवाज न करता दार लोटून घेतलं.