फरहतचा दगड

"आमच्यात असे दगड नाई उभे करत, पोचूभाऊ. चाय प्या अन् जा."

पोचू एटापल्लीकडच्या एका आदिवासी गावचा पुजारी. माझ्या चंद्रपूरच्या अंगणात उकिडवा बसला होता. त्यांच्यात मेलेल्या माणसाच्या नावानं गावाबाहेर दगड उभा करतात. त्यांना तसा दगड माझ्या फरहतसाठी उभा करायचा होता. घरच्या वडीलधाऱ्यानं हात लावल्याशिवाय दगड हलवत नाहीत म्हणे.

"लेक तुमची होती, माय. पन आमच्यातली बी होती," तो म्हणाला.

आतून माझा जाहिद ओरडला, "अम्मी, मोहल्ल्यात तोंड दाखवायले जागा नाई राहनार!"

"मंग झाकून फिर."

बोलले खरी, पण माझ्याही मनात तेच होतं. पोरीला कबर आहे, बापाच्या बाजूला. आणखी काय हवं?

फरहत मनाची डॉक्टर. गोळ्या देणारी नव्हे, ऐकून घेणारी. त्या जंगलात तिच्याआधी असलं काम कोणी केलं नव्हतं. नागपूरला शिकायला गेली तेव्हा मोहल्ल्यानं 'पागलांची डॉक्टरीण' म्हणून नाव पाडलं. आलेले रिश्ते परत गेले. मी सगळ्यांशी भांडले, तिच्याशीही. गावात गेली की ती आधी पुजाऱ्याच्या दारात जाऊन बसायची. "त्याची पूजा आधी, अम्मी, माझं काम मागून," म्हणायची. तिच्याबरोबरचे शिकलेले यावर हसायचे.

गेल्या पावसाळ्यात तिकडेच मलेरिया डोक्यात गेला. नाल्याचा पूर उतरेपर्यंत गाडी निघाली नाही. घरी आली ती पांढऱ्या कापडात. मी रडले नाही. खैरुनबी लोखंडाची आहे, असं बाया माझ्यासमोरच बोलल्या.

पोचू तसाच गेला, पण मला चैन पडेना. नाहीच म्हणायचं तर त्यांच्या दारात जाऊन म्हणावं, म्हणून मी त्याच्या गावी गेले.

तिथे मंगली नावाची बाई माझ्या बाजूला येऊन बसली.

"माहा पोरगा नदीत बुडून गेला. मी बोलनंच सोडलं," ती म्हणाली. "फरहतबाई यायची अन् माह्यासंगं चिंचा फोडत बसायची. काईच नाई विचारे. मंग एक दिवस मीच पोराचं नाव घेतलं."

"मंग काय म्हणली ती?"

"काई नाई. चिंचा फोडत राह्यली. डोळ्यातून पानी चालू होतं तिच्या."

माझ्यासमोर ती कधी रडली नव्हती. आईसमोर रडायची सोयच मी ठेवली नव्हती.

नकाराचा शब्द तोंडात तसाच राहिला. पोचू मला ओढ्याकडे घेऊन गेला. पात्रातून काढलेला एक उंच काळा दगड काठावर आडवा पडला होता. चार माणसं दोर धरून उभी होती. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

"एवढा मोठा कायले आनला?" मी विचारलं.

"बाई मोठी होती, माय. मोठ्या माणसाले मोठा लागते."

"काय मोठी? तुमी तिले बसलेलीच पाह्यली. बुटकी होती माझी पोरगी." मी माझ्या खांद्याशी हात आडवा धरला. "एवढी. टाचा उचलल्या तरी एवढीच."

माणसांनी दोर खाली ठेवले. पोचूनं एकदा माझ्या हाताकडे नीट बघितलं, आणि तेवढा दगड शोधायला ते सगळे पुन्हा ओढ्यात उतरले.

ते वर येईपर्यंत मी हात खाली केला नाही.