जग बुडायच्या आधीची कबुली

जग संपायला सहा दिवस उरले, तेव्हा माझ्या नवऱ्याने खरं बोलून टाकलं. त्याआधीच्या तेवीस वर्षांत त्यांना सवड मिळाली नव्हती.

अठराशे चव्वेचाळीस सालच्या बावीस ऑक्टोबरला, मंगळवारी, प्रभू परत येणार आणि हे जग संपणार, हे आमच्या न्यू हॅम्पशायरच्या डोंगरातल्या आम्हा चाळीस माणसांना पक्कं ठाऊक होतं. बायबलमधल्या दानीएलच्या पुस्तकातले आकडे आम्ही इतक्यांदा मांडून पाहिले होते की मुलांनासुद्धा पाठ झाले होते. या हट्टापायी गावच्या चर्चने आम्हाला वसंतातच बाहेर काढलं. मग आम्ही आमच्या कारखान्यात जमू लागलो. माझे यजमान, एलिफलेट, लाकडी पिंपं बनवतात, त्यामुळे बसायला उपडी पिंपं हवी तितकी. मका आम्ही शेतात उभाच ठेवला होता. ज्याला हिवाळा बघायचा आहे त्याने कापणी करावी!

शेवटच्या आठवड्यात आमच्यात एक रीत पडली. ज्याच्या मनात जे पाप असेल ते त्याने सगळ्यांसमोर सांगून मोकळं व्हायचं. जोनस पीबडीने शेजारच्या एझ्राची चोरलेली कुऱ्हाड आणून दिली. झर्वाया टिल्टन अकरा वर्षं सख्ख्या भावाशी बोलत नव्हती, ती त्याच्या गळ्यात पडून रडली. आणि मग एलिफलेट उठले. ते डीकन, आमच्या मंडळीचे पुढारी. रविवारी वचन समजावून सांगण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे, शेजारच्या गावचे लोकसुद्धा ऐकायला येत.

"भावांनो," ते म्हणाले, "मी रविवारी जे सांगतो ते माझं नाही. शनिवारी पावाचं पीठ मळताना ही बोलत असते. ते मी ऐकतो आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला वाढतो. अक्कल हिची, आवाज माझा."

मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू? आणि त्याच क्षणी इतका रागही आला की हातातला रुमाल मी पिळून काढला.

"हिटी, आता तूच बोल," ते म्हणाले. "सहा दिवस राहिलेत. कोण काय म्हणणार आहे?"

बायकांनी सभेत तोंड उघडायचं नाही, हा आमच्याकडचा जुना नेम. मी उघडलं. सहाही दिवस बोलले. तिसऱ्या दिवसापासून खिडक्यांबाहेरही माणसं उभी राहू लागली.

मंगळवारी आम्ही दिवसभर गात बसलो. रात्र झाली, ती सरली, बुधवारचा कोंबडा आरवला, आणि एवढाली माणसं लेकरांसारखी रडली. मीही रडले. ते दुःख खोटं नव्हतं, त्याला हसणाऱ्याचा मला आजही संताप येतो. गाव मात्र हसलं. "काय हो डीकन, स्वर्गाची शिडी पुरली नाही वाटतं?" येता-जाता हेच.

शुक्रवारी गावच्या चर्चचे पाद्री क्रँडल घरी आले. त्यांनी मी भाजलेला सफरचंदाचा केक खाल्ला आणि बोलले एलिफलेटशी.

"चूक माणसाकडूनच होते. रविवारी सगळ्यांना घेऊन चर्चमध्ये या, मधल्या वाटेत उभे राहा, चुकलो म्हणा. आम्ही पदरात घेऊ. आणि ते बायकांनी सभेत बोलणं वगैरे, ते झालंच नाही असं समजू."

ते गेल्यावर एलिफलेट स्वयंपाकघरात घुटमळत राहिले.

"हिटी, रविवारी सगळे माझ्या तोंडाकडे बघणार गं. काय बोलू? जरा सांग ना, नेहमीसारखं."

"नेहमीसारखं म्हणजे?"

"म्हणजे उद्या तू मळता मळता बोल, मी इथे बसतो."

"अहो, चारचौघांत कबूल केलंत ना?"

"अगं, तेव्हा जग संपणार होतं!"

मंगळवारनंतर मला पहिल्यांदा हसू आलं. पण ते थट्टा करत नव्हते.

"असं होय," मी म्हटलं. "जग संपणार असेल तर बायको शहाणी, आणि राहणार असेल तर मुकी!"

शनिवारी मी पीठ मळलं, पण तोंडातून ब्र काढला नाही. ते समोर बसून राहिले आणि शेवटी उठून गेले. मला रात्रभर एकच धास्ती होती. उद्या हे चुकलो म्हणाले, की माझं बोलणं पुन्हा या परातीपुरतं. कायमचं.

रविवारी कारखाना भरला. दारात टवाळखोर जमले होते, आणि आम्हाला चर्चमध्ये न्यायला पाद्री क्रँडल स्वतः बायकोसह आले होते. एलिफलेट उठले. तोंड उघडलं, मिटलं. पुन्हा उघडलं. शब्द काही फुटेना.

"डीकन, बायकोला विचारा!" दारातून कोणीतरी ओरडलं आणि सगळी टोळी खिदळली.

एलिफलेटचे कान लाल झाले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"बरोबर बोललास बाबा," ते दाराकडे वळून म्हणाले. "तिलाच विचारायला हवं." आणि खाली बसले.

"डीकन!" पाद्री पुढे झाले. "तेव्हाची गोष्ट वेगळी होती."

"तेव्हा मी भिऊन खरं बोललो, पाद्रीसाहेब. आता न भिता बोलतोय. हिटी, ऊठ."

मी उठले. काही ठरवलेलं नव्हतं.

"जोनस," मी विचारलं, "कुऱ्हाड परत हवीय का रे तुला?"

"नको गं बाई!" जोनस दचकून म्हणाला.

"मागितली तरी देणार कोण?" मागून एझ्रा ओरडला, आणि रडून रडून सुजलेली ती माणसं हसली.

"झर्वाया, भावाशी अबोला धरतेस पुन्हा?"

झर्वायाने भावाची बाही घट्ट धरली आणि नकारार्थी मान हलवली.

"मग ऐका. तारीख आपली चुकली. चर्चच्या मधल्या वाटेत उभी राहून शंभरदा म्हणेन, चुकली. पण पाहुणा येणार म्हणून आपण घर झाडलं. पाहुणा आला नाही, तर काढलेला केर कोणी पुन्हा घरात आणून टाकतं का?"

जोनसने खालच्या पिंपावर मूठ आपटली. एझ्राने आपटली. झर्वायाने गाणं धरलं, आणि चाळीस गळे आणि चाळीस पिंपं अशी काही दणाणली की दारातले हसणारे कधी गप्प झाले ते कळलंच नाही. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मी ते पुसत नव्हते. पाद्री तावातावाने निघून गेले. त्यांची बायको मागे राहिली. तिने इकडेतिकडे बघितलं, एक रिकामं पिंप ओढलं आणि बसली.

चर्चमध्ये कोणी गेलं नाही. सोमवारी आम्ही सगळ्यांनी मिळून मका कापला.

पुढच्या शनिवारी एलिफलेट पुन्हा स्वयंपाकघरात आले.

"उद्या काय सांगणार आहेस?"

"उद्या कळेल."

"थोडं तरी?"

"नुसते उभे काय राहिलात? हे पीठ मळा."

त्यांनी मुकाट्याने बाह्या सरसावल्या. पाव दगडासारखे झाले. आणि माझं बोलणं ऐकायला माझ्या नवऱ्याला तेवीस वर्षांत पहिल्यांदाच रविवारपर्यंत थांबावं लागलं, बाकी सगळ्यांसारखं.