डाव्या पायाचा बूट

दर जूनमध्ये सॅस्काटूनच्या आइस हॉकी संघाच्या कचेरीत डोनटची खोकी उघडायची आणि लीगमधल्या सगळ्यात वाईट करारांची क्रमवारी लागायची. ज्याला पैसे जास्त, वर्षं जास्त आणि खेळ कमी, तो वर. ही नुसती गंमत नव्हती. क्रमवारीत आपला एखादा खेळाडू वर आला, तर मुदतीत त्याचा करार मोडायचा, त्याला ठरलेली रक्कम देऊन घरी पाठवायचं, असा रिवाज होता.

आकडे व्हर्ना क्लासनचे असायचे. ती आधी शाळेत भौतिकशास्त्र शिकवायची, म्हणून कचेरीत सगळे तिला मास्तरीणबाई म्हणायचे. यंदा तिच्या तक्त्यात पहिला आला होता नेल्स ऑस्ट्रँडर. त्यांचाच बचावपटू, वय तेहतीस, कराराची दोन वर्षं बाकी.

"शुक्रवारी कागद पाठवू," व्यवस्थापक गार्थ बिलिक म्हणाले. "तुझंच वाक्य वर घालतो. फेब्रुवारीत लिहिलं होतंस ना, 'जोर लावत नाही'?"

"लिहिलं होतं," व्हर्ना म्हणाली.

ते वाक्य तिला दिवसभर टोचत राहिलं. 'जोर' तिने मोजला नव्हता. मोजली होती फक्त गती. संध्याकाळी तिने नेल्सचे सामने पडद्यावर पुन्हा लावले, पहिल्यापासून. तेविसाव्या सामन्यात त्याने खाली पडून गोलकडे येणारा एक फटका पायावर घेतला होता. संघाने तेव्हा पत्रकारांना नेहमीसारखंच सांगितलं होतं, 'कमरेखाली दुखापत', आणि दोन सामन्यांनी तो परतला होता. त्यानंतर डाव्या पायावर भार देऊन वळायचं असेल तिथे प्रत्येक वेळी तो उजव्या पायाने मोठा वळसा घेत होता. प्रत्येक वेळी. आळशी माणूस इतका नेमका आळस करत नाही.

सकाळी ती खाली सामानाच्या खोलीत गेली. तिथे एकोणीस वर्षं स्केट्सच्या, म्हणजे बर्फावरच्या बुटांच्या, पात्यांना धार लावणारा म्हातारा लॉर्न पीचे होता.

"नेल्सचे बूट बघायचेत."

"बुटांचेही आकडे काढतेस का आता, पोरी?"

"लॉर्न, डावा बूट तुम्ही फुगवलाय का, सुजेला जागा म्हणून?"

त्याने धारेचं यंत्र बंद केलं. "कुठल्या खेळाडूचं काय दुखतं हे मी सांगत नसतो. माझ्या बायकोलासुद्धा नाही."

"मग नका सांगू. मी नेल्सला विचारते."

बाहेर नेल्स गाडीत जाळीदार पिशव्या भरत होता. तिला पाहून हसला. "या मास्तरीणबाई! पहिला नंबर काढलात म्हणे माझा. शाळेत कधी आला नव्हता."

"पाय कधी मोडला?"

हसू तसंच राहिलं, पण डोळ्यांतून गेलं. "कोण म्हणालं मोडला?"

"तुझे सत्तावन्न सामने म्हणतात. डॉक्टरला दाखवलास?"

"दाखवला असता तर बसवलं असतं. आमच्याकडे आधीच दोघे बाहेर होते."

"आता तर मोसम संपलाय. जखमी खेळाडूचा करार मोडता येत नाही, हा नियम आहे. तू एक शब्द बोललास तर शुक्रवारचा कागद जात नाही."

"तेच तर," तो म्हणाला. "आज बोललो तर सगळे म्हणणार, पगार वाचवायला पायामागे लपला. त्यापेक्षा नाही बोलत. मोडा करार."

"ते तुझं तू ठरव. पण माझा तक्ता चुकलाय, आणि चुकलेला तक्ता मी त्यांच्याकडे ठेवणार नाही. कारण विचारतील. तुझ्या परवानगीशिवाय सांगणार नाही, पण आकडा मागे घेणार म्हणजे घेणार."

"कारण नाही दिलंत तर ते तुम्हालाच हाकलतील."

"बघू."

तो गाडीत वाकला, एक पिशवी ओढून उघडली आणि एक बूट तिच्या हातात दिला. "मी बोलणार नाही. हा घेऊन जा."

शुक्रवारी खोलीत सहाजण होते. व्हर्ना सोडून सगळे कधीकाळी बर्फावर खेळलेले. गार्थनी कागद पुढे ओढला.

"माझा आकडा चुकीचा आहे," व्हर्ना म्हणाली. "तेविसाव्या सामन्यापासून पुढचं काहीही मी धरायला नको होतं."

"का?"

तिने बूट टेबलावर ठेवला, डोनटच्या खोक्याशेजारी.

एकजण म्हणाला, "हे काय, पादत्राणांची बैठक—" आणि थांबला. गार्थनी बूट उचलला. घोट्याखाली कडेला कातडं तापवून बाहेर काढलेलं होतं, सुपारीएवढं. त्यांनी त्या फुगवट्यात अंगठा घातला आणि तसाच ठेवला.

"सबंध हिवाळा?" त्यांनी विचारलं.

"सत्तावन्न सामने."

"गाढव आहे तो." हे त्यांनी खूप हळू म्हटलं. मग फोन उचलून संघाच्या डॉक्टरला सांगितलं, ऑस्ट्रँडरच्या पायाचा एक्स-रे आजच हवा. कागद घडी करून बाजूला सारला. "झालं मग. डॉक्टर म्हणतील ते. आपला प्रश्न मिटला."

"माझा नाही मिटला," व्हर्ना म्हणाली. "बावीस सामन्यांवर तो अकरावा येतो."

"अकरावा म्हणजे वाईटच की."

"वाईटच. करार महाग आहे, ते मी लपवत नाही. पण पहिला तो नाही."

"मग पहिला कोण?"

"तुम्ही गेल्या उन्हाळ्यात आणलेला गोलरक्षक."

हसू दाबताना कोणाच्या तरी नाकातून कॉफी आली. गार्थनी तिच्याकडे पाहिलं, मग बुटाकडे.

"बाई, तू थांबत नाहीस, नाही का?"

"अजून एक राहिलंय. फेब्रुवारीची टिपणी मला परत द्या."

त्यांनी फाइलमधून तो कागद काढून दिला. तिने 'जोर लावत नाही' यावर एक सरळ रेघ मारली, खालचा मजकूर वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं, 'मोजलं नव्हतं', तारीख घातली, सही केली, आणि बूट काखेत घेऊन तो परत द्यायला खाली गेली.