धुराच्या रकान्यातलं 'नाही'

मी एक जुना कागद आहे, मित्रांनो, आणि खोटारडा आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं. इराकमधल्या अमेरिकी छावणीतून घरी परतणाऱ्या प्रत्येक शिपायाला माझ्यासारखा एक अर्ज भरून द्यावा लागे. ताप येतो का, झोप लागते का, विषारी धुराजवळ काम केलंत का, असे प्रश्न.

माझ्या वाट्याला आला केंटकीचा रॉयस टॅकेट. अकरा महिने त्यानं छावणीचा कचरा जाळायचा खड्डा सांभाळला होता. प्लास्टिक, रंगाचे डबे, बॅटऱ्या, दवाखान्यातली घाण, सगळ्यावर विमानाचं तेल ओतून पेटवायचं आणि बुलडोझरनं आत ढकलत राहायचं. काळं थुंकायचा बिचारा.

अर्ज वाटताना सार्जंट प्रुइट म्हणाला, "ज्यांना घरी जायचंय त्यांनी सगळीकडे 'नाही' करा. एक 'हो' दिसला की आठवडाभर डॉक्टरांच्या दारात बसवतील."

पोरं हसली आणि एकमेकांच्या पाठीवर कागद टेकवून भराभर खुणा करत सुटली. तिथली रीतच होती ती. रॉयसच्या बायकोला, ट्विलाला, नववा महिना लागला होता. धुराच्या प्रश्नाशी त्याचं पेन जरा अडखळलं, मग त्यानंही 'नाही'वर खूण केली. छावणीतल्या साहेबांनी स्वच्छ अर्ज म्हणून माझं कौतुक केलं, आणि मी मेला फुशारलो!

मग बारा वर्षं फायलीत पडून होतो. बाहेर काढलं तेव्हा समोर रॉयस. फुफ्फुसं कामातून गेलेली. माजी सैनिकांच्या कचेरीत तो उपचार मागायला आला होता. अधिकाऱ्यानं मला पुढे सरकवलं. "धूर नव्हता, असं तुम्हीच लिहिलंय की."

"घरी जायची घाई होती, साहेब," रॉयस म्हणाला.

मागणी फेटाळली. पुढच्या वर्षीही मलाच दाखवून फेटाळली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण कागदाला बोलता कुठं येतं?

तिसऱ्या खेपेला ट्विला एकटी आली. नवा कायदा झाला होता. त्या काळात त्या मुलखात जो नेमणुकीवर होता, त्याला यादीतला आजार जडला, तर तो तिथल्या धुरानंच जडला असं सरकारनं धरून चालायचं. वेगळा पुरावा मागायचा नाही. रॉयस मात्र कायदा व्हायच्या पाच महिने आधीच गेला होता.

कचेरीतल्या नव्या बाईंनी विधवा म्हणून ट्विलाचा भरपाईचा हक्क मंजूर केला. मला पालथं ठेवून त्या हळू आवाजात म्हणाल्या, "याची आता गरज नाही."

ट्विलानं मला सुलटं केलं. "या कागदावर तुम्ही लगेच विश्वास ठेवलात. माझ्या नवऱ्यावर ठेवायला कायदा व्हावा लागला."

मित्रांनो, मला जपा असं मी म्हणणार नाही. पण उद्या तुमच्यापैकी कुणीतरी मेजामागच्या खुर्चीत बसेल. पुढ्यात कागद असेल, माणूसही असेल. आधी माणसाकडे बघा. रॉयस पहिल्यांदा कचेरीत आला त्या दिवशी त्याच्या छातीतली घरघर दारातल्या पहारेकऱ्यालाही ऐकू येत होती. मेजामागच्या साहेबांनी मान वर केली नाही. ते मलाच वाचत बसले होते.