शेळीने लावलेली बाभूळ

"काका, मागच्या वर्षी याच खड्ड्यात लावलेलं झाड कुठं गेलं?"

प्रश्न टिटवीचा होता. आवाज गावभर जातो म्हणून शाळेने तिला हे नाव दिलेलं, आणि दहावीत आल्यापासून ते तिला पदकासारखं वाटायला लागलेलं. पैज मैत्रिणींनी लावली होती. "एवढी जीभ वळवळते ना तुझी? मग अध्यक्षांना विचारून दाखव. विचारलंस तर परीक्षेपर्यंत तुझं दप्तर आम्ही वाहू." तसा तो प्रश्न सगळ्या गावालाच पडलेला होता, फक्त कुणाच्या तोंडून बाहेर पडत नव्हता.

तळ्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला देशी वृक्ष मंडळाची लागवड चालली होती. पावसाने उघडीप दिलेली, पण चिखल अजून चपला सोडत नव्हता. मंडळ म्हणजे पोटं सुटलेली, झब्बे कडक इस्त्रीचे, अशी गावातली मोजकी माणसं. दर रविवारी शाळेच्या व्हरांड्यात वर्ग भरवून ती लोकांना देशी झाडांची माहिती देत. माहिती अशी, की ऐकणाऱ्याला झाडाविषयी काही कळू नये आणि अध्यक्षांविषयी सगळं कळावं. अध्यक्ष म्हणजे खताच्या दुकानाचे मालक. ते डोळे मिटून बोलत. त्यामुळे लोक एकेक करून उठून गेलेले त्यांना दिसत नसत, आणि मंडळ जोरात चाललंय असं त्यांना वाटत राही.

वर्षातून एकदा लागवड. रोप लावायचं, टाळ्या पिटायच्या, घरी जायचं. रोप बिचारं वाट बघून बघून वाळायचं. पुढच्या वर्षी रोप नवं, खड्डा तोच. खड्डे साफ करायचं काम टिटवीच्या बाबांचं. एरवी ते अध्यक्षांच्याच दुकानात खताची पोती उतरवत. घरातली चूल त्या पोत्यांवर पेटायची.

"प्रश्न शेवटी घेऊ हं, बाळ," अध्यक्ष डोळे न उघडता म्हणाले.

"शेवटी तुम्ही जेवायला जाता, काका."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. अध्यक्षांचे डोळे उघडले, आणि उघडले ते नेमके खड्ड्यात गेले. खड्डा रिकामा नव्हता. आत गुडघ्याएवढी बाभूळ उभी होती, बारीक पानांची, काट्यांची, हिरवीगार.

ती बाभूळ लावली होती टिटवीच्या घरच्या शेळीने. उन्हाळाभर ती बाभळीच्या शेंगा खाऊन यायची आणि वाळक्या रोपाच्या खड्ड्यात गारव्याला बसायची. लेंड्यांतून बी पडलं, पावसात उगवलं. मध्ये पावसाने ओढ दिली, तेव्हा टिटवी शाळेतून येताना बाटलीतलं उरलेलं पाणी तिथं ओतायची. भाषण नाही, टाळ्या नाहीत, आणि झाड जगलं. मंडळाला जे इतकी वर्षं जमलं नाही ते शेळीने बसल्या बसल्या केलं होतं.

"हा खड्डा साफ का नाही केलास रे?" अध्यक्ष बाबांवर खेकसले. "काढ ते काटेरी तण!"

बाबांनी कुदळ उचलली. अगदी हळू उचलली.

"काका, तण नाही, बाभूळ आहे ती," टिटवी म्हणाली.

"मला शिकवतेस? बाभूळ काय झाड आहे? शेळ्यांचा चारा!"

"मग तुमच्या डोक्यावर काय आहे?"

सगळ्यांच्या माना वर गेल्या. अध्यक्षांच्या मागे मंडळाचा फलक ताणून बांधला होता. त्यावर मंडळाचं बोधचिन्ह होतं. पिवळे गोंडे, पांढरे काटे, बारीक पानं. आणि खाली ठळक अक्षरांत, 'आपली बाभूळ, आपलं भूषण. वर्ग सर्वांसाठी खुला.'

अध्यक्षांनी वर बघितलं, खाली बघितलं, घसा खाकरला.

"ते चित्र आहे," ते म्हणाले. "चित्रातली गोष्ट वेगळी."

"आणि हे नवीन आणलंय ते लाल पानांचं? ते कुठलं?"

"देशीच आहे. आपल्याच देशातल्या दुकानातून आणलंय!" आणि मग बाबांना, "बघत काय उभा राहिलास? घाल कुदळ!"

कुदळ वर गेली. टिटवीने पुढचामागचा विचार केला नाही. तिने खड्ड्यात उडी मारली आणि बाभळीला दोन्ही पायांमध्ये घेऊन चिखलात फतकल मारली. चिखलाचा फवारा अध्यक्षांच्या पांढऱ्या बुटांवर गेला. काटे पोटऱ्यांत घुसले, डोळ्यांत पाणी आलं, पण ओठ हसत होते.

"उचल तुझ्या पोरीला!"

बाबांनी कुदळ खाली टेकवली. "माझ्याच्यानं नाही उचलवत, मालक. मोठी झाली आता."

मग झक मारत सगळी वरात पुढच्या खड्ड्याकडे गेली. जाता जाता अध्यक्ष बाबांच्या कानाशी वाकले. "येत्या रविवारी वर्गात, सगळ्यांसमोर, पोरीने माफी मागायची. नाहीतर पोती उतरवायला दुसरा माणूस बघतो."

संध्याकाळी आई सुई घेऊन टिटवीच्या पोटरीतले काटे काढत होती. सुई जेवढी टोचत होती त्याहून तोंड जास्त.

"तुला कुणी सांगितलं होतं नसती उठाठेव करायला? झाड उपटलं असतं तर तुझं काय जात होतं?"

"आई गं! हळू!"

"हळू म्हणे. आता घर कसं चालवू ते सांग. त्या बाभळीला विचारू का?"

बाबा उंबऱ्यात बसून कुदळीचा चिखल खरवडत होते. "तिला एकटीला बोलू नकोस," ते म्हणाले. "खड्डा मीच साफ केला नव्हता. दिसली होती मला. हात नाही धजला."

आईची सुई थांबली. "म्हणजे बाप तसा आणि लेकही तशीच. वा! आता माफी कोण मागणार?"

"मी मागते," टिटवी म्हणाली.

दोघांनीही तिच्याकडे बघितलं. टिटवी एवढ्यात माघार घेईल असं दोघांनाही वाटलं नव्हतं.

"बुटांवर चिखल उडाला, त्याची मागते. सगळ्यांसमोर, मोठ्याने. पोती तुमचीच राहतील, बाबा." तिने पाय झटकला आणि उठून उभी राहिली. "माफी मागून झाली की घरी नाही यायची मी. तिथंच पुढच्या रांगेत बसणार. वर्ग सर्वांसाठी खुला आहे, त्यांच्याच फलकावर लिहिलंय. मी मंडळाची सभासद होतेय. दर रविवारी जाणार. आणि प्रश्न ते शेवटी घेतात ना? मग मी शेवटपर्यंत बसणार."