पान नाही अंगावर, तरी पळस लाल

मी एक जुनी वही आहे, मित्रांनो. जाड निळ्या पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली. पुलगावच्या बाजारातून मला प्रभाकररावांनी नाचणगावला आणलं, ते फक्त वसंतावरच्या कवितांसाठी. पोस्टातली नोकरी संपल्यावर दरवर्षी फाल्गुनात ते एक कविता लिहीत.

पहिल्याच पानावर त्यांनी वसंताला हिरवा शालू नेसवला, झरे खळाळते केले. सगळे कवी करतात तसंच. मला फार अभिमान वाटला. मग त्यांनी ती कविता बायकोला, अन्नपूर्णाबाईंना, वाचून दाखवली. त्या सुपात तूर पाखडत होत्या.

"हिरवा वसंत कुठं पाह्यला जी तुमी? वावरात नुसत्या कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्या उभ्या हायेत."

"अवं, कवी असंच लिहितात."

"मंग त्यायले एकदा आपल्या वावरात आनजा. पळसाले एक पान नाई, अन् म्हने शालू."

प्रभाकरराव रुसले. पण दुसऱ्या दिवशी बांधावर जाऊन आले आणि शालू खोडून त्यांनी लिहिलं, 'पान नाही अंगावर, तरी पळस लाल.' खोडताना मला दुखलं. तरी माझ्यातली सगळ्यात खरी ओळ तीच.

अशी अकरा वर्षं गेली. ते लिहीत, त्या हसत, ते खोडत. मी खाडाखोडीने भरून गेले. तेच माझं वैभव होतं.

गेल्या दिवाळीनंतर अन्नपूर्णाबाईंना सावंगीच्या दवाखान्यात नेलं. त्या परत आल्या नाहीत. मी कपाटात पडून राहिले.

यंदा पळस फुलला आणि प्रभाकररावांनी मला उघडलं. मला वाटलं, आता पुन्हा सुरू होईल. त्यांनी लिहिलं, काठोकाठ भरलेलं तळं, कमळं, आणि त्यात पोहणारे हंस. एवढं खोटं त्यांनी पहिल्या वर्षीही लिहिलं नव्हतं. मग स्वयंपाकघराकडे तोंड करून ते मोठ्याने वाचू लागले. वाचून झालं तरी तिकडेच बघत राहिले.

आत हिंगणघाटहून आलेली नात होती, वर्षाली.

"मस्त आहे, आबा."

"यात काई चुकलं नाई वाटत तुले?"

"नाई तर. काऊन?"

"काई नाई, बाई."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. त्यानंतरची माझी पानं अगदी स्वच्छ आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी काही लिहून वाचून दाखवलं, तर नुसतं छान म्हणून मोकळे होऊ नका. आधी दारात जाऊन बाहेर बघा, आणि मग जे दिसेल ते सांगा. हसलात तरी चालेल.