एक्केचाळिसावा सर्व्हर

सासूबाईंची गाडी चालवण्याची परीक्षा चार वाजता होती आणि नेमकं त्याच दुपारी माझ्या मानगुटीवर हे भूत बसलं. डोळ्यांच्या दवाखान्याचे सगळे सर्व्हर मी ज्या एका सॉफ्टवेअरवरून सांभाळते, ते बनवणाऱ्यांचंच पत्र आलं: त्यात मोठी फट सापडली आहे, पासवर्डशिवाय कोणीही आत शिरू शकतं, प्रत्येक सर्व्हरवर ताबडतोब दुरुस्ती चढवा.

सासूबाई दोनदा नापास झालेल्या. "तू गाडीत नसलीस की माझे पाय लटपटतात. आज नाही जमलं तर मी हा नादच सोडला," असं त्यांनी सकाळीच जाहीर केलं होतं. आणि त्या बोलल्याप्रमाणे करतात. म्हणून एक वाजल्यापासून त्या मांडीवर पर्स घेऊन दवाखान्यातल्या माझ्याच खोलीत ठाण मांडून होत्या.

"किती बटणं राहिली दाबायची?"

माझ्या नोकरीला त्या गेली अकरा वर्षं 'बटणं दाबणं' म्हणतात. मला ते लागतं, पण बोलून काय उपयोग!

माझ्या यादीत सर्व्हर चाळीस. अडीचपर्यंत चाळीसही झाले. खात्री करावी म्हणून नेटवर्कवरून सगळ्यांना एकदम हाक मारून पाहिली, तर ओ आली एक्केचाळीस जणांची. एक आगंतुक जुनंच सॉफ्टवेअर घेऊन बसला होता. तो इतका जुना, की त्याच्यासमोर उभं राहूनच दुरुस्ती करावी लागणार. आणि तो आहे कुठे, हे कोणालाच ठाऊक नाही. त्याची तार तोडावी, तर आत पेशंटचं काय आहे कोण जाणे. माझ्या आधी हे सर्व्हर सांभाळणारे साहेब गेल्याच वर्षी निवृत्त होऊन गेलेले, फोन उचलेनात.

मी तिन्ही मजले पालथे घातले. सव्वातीनला घामाघूम होऊन परतले.

"आई, तुम्ही रिक्षाने जा. माझं काही खरं नाही."

"भंगारात पाहिलंस?"

"भंगारात कशाला असेल? चालू आहे तो!"

"अगं, मी बदाम साबणाच्या डब्यात ठेवते. का? कोणी हात लावत नाही म्हणून. तुझे साहेब मला शहाणे वाटतात."

जिन्याखालच्या कपाटावर साहेबांच्याच अक्षरात चिठ्ठी होती: 'मोडकं सामान'. आत, फुटक्या कीबोर्डांच्या मागे, हिरवा दिवा लुकलुकत होता. दहा वर्षांचे डोळ्यांचे फोटो त्याच्यावर होते. कोणी त्याला विकू नये, हलवू नये, म्हणून साहेबांनी ही शक्कल लढवली होती, आणि यादीत लिहायचं मात्र विसरले. मी तिथेच फरशीवर बसून दुरुस्ती चढवली. कोणी आत शिरलं नव्हतं. मला अक्षरशः नाचावंसं वाटलं.

चारला पाच मिनिटं कमी असताना आम्ही पोचलो. मी मागच्या सीटवर जीव मुठीत धरून बसले आणि सासूबाईंनी गाडी अशी लावली, की परीक्षकांनीच मान डोलावली. पास!

घरी आल्यावर त्यांनी पास झाल्याचा कागद माझ्या हातात दिला. "साबणाच्या डब्यात ठेव. हरवायचा नाहीतर."

मी झाकण उघडलं. बदामांच्या पिशवीखाली माझं दवाखान्याचं पहिलं ओळखपत्र होतं. कोपरा तुटला म्हणून मी ते कधीच फेकून दिलं होतं.

"आई, हे इथे?"

"बटणं दाबणारीचं आहे ते," त्या पाठ फिरवून म्हणाल्या. "खालीच राहू दे, आणि झाकण नीट लाव."